भाजलेले निळे दाणे

१

व्यंकटच्या डोक्याची उजवी बाजू राहिलीच नव्हती. कंप्रेसरच्या खोलीत ताडपत्रीवर तो पालथा पडला होता, एक हात डोक्याखाली अडकलेला. बाजूला दोन हात लांबीचा लोखंडी पाना होता, आणि पान्याला केस चिकटले होते. भिंतीलगत भुकटीची दोन पोती फाटून सांडली होती. रक्त ताडपत्रीवर पसरून वाळलं होतं. एकाच घावात मेला असता तर भिंतीवर इतकं उडालं नसतं. मारणाऱ्यानं चार-पाच वेळा हाणलं होतं, आणि शेवटचे घाव मेलेल्यावरच बसले होते.

मी श्रीपतराव. गुलबर्ग्याला राहतो आणि कारखान्यांना दाबलेल्या हवेची सामग्री निवडून देतो. हे काय काम झालं, असं लोक तोंडावर विचारतात. हवा फुकटची वस्तू आहे असं समजणाऱ्या माणसाशी माझं कधी जमलं नाही. कंप्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि यंत्राच्या पोटातलं तेलही सोबत निघतं. ही घाण काढायला गाळणे लागतात, आणि हवा वाळवायला ड्रायर. ते नीट निवडलं नाही तर माल नासतो, आणि कधी माणूसही जातो.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या ऑगस्टातली. भालकीच्या रस्त्यावर, खटकचिंचोळीपासून चार मैलांवर, राजेश्वरच्या अंकुशरावांचा कारखाना होता. तुरीवरची कीड मारायची भुकटी तिथं हवेच्या जोरावर पोत्यांत भरत. हवा ओली झाली की भुकटीची ढेकळं होत. नवा ड्रायर निवडायला मला बोलावलं होतं, पण आदल्या सोमवारी कारखान्याचा सुपरवायझर व्यंकट याचं निराळं कार्ड आलं. 'शुक्रवारीच या. नवा निवडण्याआधी जुना आतून बघा. एक वस्तू दाखवायची आहे.' मी शुक्रवारी आठच्या बसनं उतरलो, तर पहारेकऱ्यानं पोलिसांना आधीच बोलावलं होतं, आणि दाखवणारा असा पडला होता.

जुना ड्रायर म्हणजे पुरुषभर उंचीचं लोखंडी नळकांडं, आत हरभऱ्याएवढे निळे दाणे. हे दाणे हवेतलं पाणी पितात, आणि पिऊन भरले की गुलाबी होतात. नळकांड्याचं झाकण उघडं होतं आणि आतले अर्ध्याहून जास्त दाणे बाहेर काढून ताडपत्रीवर पातळ पसरले होते. वरच्या थरातले तेलानं तपकिरी झालेले, बाकीचे गुलाबी. व्यंकटच्या अंगाखाली रक्तात रुतलेले दाणेही गुलाबीच होते आणि अख्खे होते. सवयीनं मी हवेच्या टाकीवरचा दाबाचा काटा पाहिला. चार किलोवर होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, याची आजही लाज वाटते.

साडेआठला अंकुशराव जीपमधून उतरले. बसवकल्याणला मेहुण्याच्या घरी लग्न होतं, तिथूनच रात्रीचा मुक्काम करून आले होते. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची टोपी. टोपीच्या मागच्या बाजूला बारीक तपकिरी ठिपके होते. लग्नात कोणी पान थुंकलं असेल, असं मला वाटलं. त्यांनी प्रेताकडे बघितलं आणि फौजदाराला म्हणाले, "काल सकाळीच झालं असणार हे, हणमंतप्पा. काल गुरुवार, विजेची सुट्टी. आत दोघंच होते."

फौजदार हणमंतप्पानं मान हलवली. पहारेकऱ्यानं आधीच सांगितलं होतं, की गुरुवारी सकाळी नऊला व्यंकट आणि कंप्रेसरवाला भीमराज आत गेले, आतून मोठ्यानं बोलणं ऐकू आलं, आणि अकराला भीमराज एकटाच बाहेर आला, हातात पत्र्याचा डबा घेऊन. व्यंकट मागच्या दारानं गेला असेल असं समजून पहारेकरी एक वाजता फाटकाला कुलूप लावून गावी निघून गेला.

दोन शिपाई भीमराजला घेऊन आले ते ओढतच. एकाच्या हातात तो डबा होता, आणि डब्यात निळे दाणे होते.

२

फौजदाराचा हिशेब सोपा होता. एप्रिलमध्ये याच खोलीत ड्रायरचं दुसरं नळकांडं फुटलं होतं. झाकण उडून भीमराजच्या धाकट्या भावाच्या, नागनाथच्या छातीत बसलं आणि पोरगं जागेवर गेलं. नागनाथनं दारूच्या नशेत झाकणावर हातोडा घातला, असं कारखान्यानं लिहून दिलं आणि त्यावर सुपरवायझर म्हणून व्यंकटची सही होती. म्हणजे भीमराजला राग होताच. गुरुवारी तो दाणे चोरताना सापडला, भांडण झालं, त्यानं पाना उचलला. उद्या सकाळी कोर्टात उभा करायचा, तेवढ्यात कबुली घ्यायची.

ठाण्याच्या बाहेर भीमराजची आई चांगुणाबाई बसली होती. साठीची बाई, डोळे कोरडे. आतून मारण्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला तिचा हात मातीत रुतत होता.

"तुमीच ते हवेचे साहेब का?" तिनं विचारलं. "व्यंकटसाहेब म्हणायलते, हवेचे साहेब आले की समदं खरं निघंल. काडा की मग खरं. एक लेकरू झाकणानं गेलं. दुसरं हे लोक हाडं मोडून मारायलेत."

"मावशी, मी पोलीस नाही," मी म्हणालो.

"मग कामून आलाव?"

मी तिच्यासोबत खटकचिंचोळीला तिच्या घरी गेलो. घरात भीमराजचं अंथरूण उसवलेलं, धान्य सांडलेलं. पोलिसांनी झडती घेतली होती. तिनं मला बसायला पोतं टाकलं आणि चहाला चूल पेटवली.

"दाणे चोरीचे म्हणं," ती म्हणाली. "अहो, अख्ख्या कारखान्याच्या घराघरांत हायत ते. पावसाळ्यात मीठ पाझरतंय ना, म्हणून मिठाच्या बरणीत चिंधीत बांधून ठिवतोत. गुलाबी झाले की तव्यावर भाजायचे, पुन्ना निळे व्हतेत. व्यंकटसाहेबाच्या घरीबी हायत."

तिनं बरणीतून चिंधी काढून सोडली. दाणे गुलाबी झाले होते. बोलता बोलता तिनं ते तव्यावर टाकले, हातानं फिरवले, आणि थोड्या वेळात त्यांना निळा रंग चढला. तवा उतरवताना चार दाणे घरंगळून शेजारच्या पाण्याच्या तांब्यात पडले. टक् टक् असा आवाज झाला. मी तांब्यात बघितलं. दाण्यांचे बारीक तुकडे झाले होते.

"हे असंच," ती म्हणाली. "वाळलेला दाणा पाण्यात पडला की फुटतोय, फुटाण्यावानी. वला दाणा पडला तर गप बसतोय."

तीस वर्षं मी या दाण्यांसोबत काढली, पण आमच्या धंद्यात दाण्याला पाण्यापासून जपतात. पाण्यात टाकून कोणी बघत नाही. मी तिला तेच पुन्हा करायला लावलं. एक मूठ भाजलेले पाण्यात: टक् टक् टक्, सगळे फुटले. चिंधीत राहिलेले गुलाबी पाण्यात: एकही फुटला नाही.

व्यंकटच्या अंगाखालचे दाणे मला आठवले. रक्तात रुतलेले, आणि अख्खे. भीमराजच्या डब्यातले निळे होते, म्हणजे नळकांडं उघडलं तेव्हा हे दाणेही कोरडे असणार. तेव्हाच, सकाळीच, व्यंकटचं रक्त त्यांच्यावर पडलं असतं तर एकूण एक फुटला असता. ते अख्खे राहिले, कारण रक्त येण्याआधी ते कित्येक तास उघड्यावर ओली हवा पीत पडले होते.

"मावशी, काल संध्याकाळी भीमराज कुठं होता?"

"विहारात. वर्षावास चालू हाय, रोज ग्रंथ वाचत्यात. काल वाचायची पाळी त्याचीच व्हती. साडेपाचपासून आठपोत वाचत व्हता, समदा मोहल्ला ऐकायलता. मी फौजदाराला सांगितलं. तो म्हणला, खून सकाळी झालाय, संध्याकाळचं काय सांगायलीस."

मी चहा न पिताच उठलो.

३

हणमंतप्पा तसा माझ्या ओळखीचा. त्याच्या भावाच्या गिरणीत मी काम केलं होतं. "येन्री श्रीपतराव," तो कानडीत हटकत म्हणाला, "हवा सोडून खून कधीपासून?" पण दहा मिनिटं दिली.

भीमराज कोठडीच्या कोपऱ्यात बसला होता. तळपाय सुजून काळे झाले होते. उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती, ती त्यानं दुसऱ्या हातात लहान बाळासारखी धरली होती. मी पाणी दिलं तर पेला धरता येईना. मीच पाजलं.

"काल सकाळी काय केलंस ते सगळं सांग. बारीकसारीक."

"व्यंकटसाहेबानं बोलवलं व्हतं. म्हणले, उद्या हवेचे साहेब येणारेत, त्यास्नी डाया आतून दावायचाय." डाया म्हणजे ड्रायर, सगळे कामगार तसंच म्हणत. "टाकीतली हवा सोडली. शिटी बंद व्हईपोत सोडली, काटा खाली टेकला. मग डायाच्या दोन्ही पायपांच्या चाव्या बंद करून हवा बाजूच्या पायपातून लावली, म्हंजे तुमी आल्यावर कंप्रेसर चालवून दावता येईल. मग झाकण खोललं, दाणे काढून पसरले."

"काटा खाली टेकला हे नक्की?"

"दाबात हवा ठिवून झाकण खोलंल का कुणी, साहेब? माझा भाऊ तसाच मेला."

मी आलो तेव्हा सकाळी काटा चारावर होता. आणि ती टाकी गळकी होती, अंकुशरावांनी मला जूनमध्येच लिहिलं होतं की रात्रभरात सातावरचा काटा चारावर येतो. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी सहाला वीज आल्यावर कोणीतरी कंप्रेसर चालवला होता. सुट्टीच्या दिवशी, प्रेताच्या शेजारी उभं राहून.

"भांडण कशावरून झालं?"

भीमराजनं मान खाली घातली. "भांडण न्हाई. व्यंकटसाहेब रडायलते. म्हणले, नागनाथ दारू प्यायला नव्हता, मला ठावं हाय, मी खोटी सही केली. मी वरडलो. मी लई वरडलो, साहेब. मग त्यांनी डबा दिला, खालच्या कोरड्या दाण्यांचा. म्हणले, सांभाळून ठिव, उद्या मागतो. मी उघडून बघितलंबी न्हाई."

"एक शेवटचं. कामगार सुट्टी झाल्यावर हवेच्या नळीनं अंग झाडतात ना?"

"समदेच. अंगभर भुकटी आसती. आधी छाती, मग नळी खांद्यावरून पाठीवर."

"कपड्यावर तेलाचे डाग पडतात?"

"कधीच न्हाई. तेल समदं दाणेच पित्यात. म्हणून तर तपकिरी झाले. व्यंकटसाहेब म्हणायचे, ड्रायरच्या आधी तेलाचा गाळणा बसवा, न्हाईतर दाणे मरतेत. मालकांनी बसवला न्हाई."

बाहेर येताना दारातच माझ्या लक्षात आलं. काल सकाळपासून ड्रायर बाजूला काढलेला होता. काल संध्याकाळी त्या नळीतून आलेल्या हवेत तेल होतं.

४

मालकांखेरीज ज्याच्याकडे किल्ली असेल असा एकच माणूस होता, स्टोअरकीपर श्रीमंत. मला बघून त्याच्या हातातली विडी पडली. हा काहीतरी लपवतोय, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"काल कुठं होतास?"

"ठाणाकुशनूरला, सासुरवाडीला. बुधवारीच गेलतो. आजच आलो. सासऱ्याला विचारा."

"मग थरथरतोस कशाला?"

त्यानं विडीचं थोटूक बुटानं चिरडलं. "बुधवारी जाताना मी मालकांना सांगितलं, साहेब. व्यंकटसाहेब उद्या डाया खोलून ठिवणारेत, तुमाला आतून दावायला. मालकांनी काही म्हणलं न्हाई. नुस्ती मुंडी हलवली. मला काय ठावं पुढं असं व्हईल. माझ्या डोक्यातून जाईनाच ते."

"किल्ली?"

"माझी माझ्याकडंच. दुसरी मालकांकडं."

अंकुशराव कचेरीत बसले होते. टोपी टेबलावर नव्हती, खुंटीवरही नव्हती. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. माणूस तसा मनमिळाऊ, वीस वर्षांपूर्वी स्वतः हैदराबादला मशीनवर काम करून वर आलेला. कामगारांत बसून भाकरी खायचा. मला तो आवडायचा, हे खोटं कशाला सांगू.

"श्रीपतराव, गेल्या माणसाचं वाईट वाटतंय, पण तुरीचा हंगाम तोंडावर आहे," ते म्हणाले. "फौजदार खोली उघडून देतो म्हणालाय. उद्या सकाळी निवड सांगून टाका. दोन कोटेशनं आलीत."

मी दोन्ही बघितली. एकात ड्रायर, त्याच्या आधी पाण्याचा सापळा आणि तेलाचा गाळणा, नंतर धुळीचा गाळणा, आणि नवी सुरक्षा झडप. दुसऱ्यात नुसता ड्रायर.

"मी दुसराच घेणार," ते म्हणाले. "हवेला कसला गाळणा? चहा आहे का तो?"

"काल लग्नाला किती वाजता पोचलात?"

"सकाळी आठला. अकराच्या अक्षता मी टाकल्या, दोनशे माणसांनी बघितलंय. कामून विचारायलाव?"

"आणि बुधवारनंतर इकडं फिरकला नाहीत?"

"आज सकाळीच आलो की, तुमच्यासमोर." ते हसले. "लग्नासाठी टोपीसुद्धा परटाकडून कालच सकाळी कडक करून आणली. कुठं वेळ होता?"

एवढं ऐकलं आणि मी हातातली कपबशी खाली ठेवली. सकाळी पाहिलेले ते बारीक तपकिरी ठिपके पानाचे नव्हते. पण टोपी आता डोक्यावर नव्हती. ती परटाकडे किंवा चुलीत गेली असेल तर सगळं मुसळ केरात. भीमराजची उद्या कोर्टात कबुली होणार होती, आणि त्या रात्री त्याची उरलेली बोटं मोडणार होती.

मी उठून सरळ ठाण्यात गेलो आणि हणमंतप्पाला म्हणालो, "आजची रात्र त्याला हात लावू नका. सकाळी खोलीत या, तो डबा घेऊन. मी चुकलो तर मला आत टाका."

"तुमाला आत टाकायला मला आवडेल," तो म्हणाला. पण त्या रात्री कोठडीतून आवाज आला नाही. चांगुणाबाई ठाण्याच्या पायरीवर जागी होती, तिनंच मला सांगितलं.

५

शनिवारी सकाळी सातला आम्ही खोलीत जमलो. हणमंतप्पा आणि दोन शिपाई, श्रीमंत, चांगुणाबाई. प्रेत नेलं होतं, ताडपत्री तशीच होती, माश्या घोंघावत होत्या. अंकुशराव शेवटी आले. मी आधी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. टोपी होती. आमच्याकडे इस्त्रीची टोपी मोडेपर्यंत घालतात. माझ्या जिवात जीव आला.

"निवड सांगतो," मी म्हणालो. "पण आधी जुन्या सामानाची परीक्षा घेऊ."

मी चांगुणाबाईच्या भाजलेल्या दाण्यांची मूठ पाण्याच्या भांड्यात टाकली. ते फुटले, सगळ्यांनी ऐकलं. मग ताडपत्रीवरचा, रक्त वाळून काळा झालेला एक अख्खा दाणा उचलून फौजदाराच्या तळव्यावर ठेवला. "हे रक्त सकाळचं असतं तर हा दाणा असा राहिला नसता. व्यंकट संध्याकाळी मेला. संध्याकाळी भीमराज विहारात वाचत होता."

हणमंतप्पानं दाणा बोटांत फिरवला. "बरं. मग कोण?"

"गुरुवारी संध्याकाळी सहाला वीज आली त्यानंतर इथं कंप्रेसर चालवणारा. भीमराजनं सकाळी काटा खाली टेकवला होता, काल आपण आलो तेव्हा तो चारावर होता. तुम्हीही बघितलाय."

"कशाला चालवंल कोणी?"

"सवय. झटापट झाली ती भुकटीच्या पोत्यांत. मारणारा पांढराफटक झाला. भुकटीचा माणूस आहे तो, हातांना सवय आहे. त्यानं नळी घेतली आणि अंग झाडलं. पाठीवरसुद्धा, खांद्यावरून."

"म्हंजे कामगारच कोणीतरी," अंकुशराव म्हणाले.

मी कंप्रेसर चालू केला. काटा चढला. चाव्या भीमराजनं लावल्या होत्या तशाच होत्या, ड्रायर बाजूला. आमच्या धंद्यात हवा तपासायची जुनी रीत आहे: पांढरं कापड ताणून नळीसमोर धरायचं. मी धुतलेला रुमाल धरला आणि दहा आकडे मोजले. रुमालावर बारीक तपकिरी ठिपके उठले.

"मालक, टोपी जरा द्या," मी म्हणालो. "परवा सकाळी कडक केलेली. तुम्ही बुधवारपासून इकडं आला नव्हता, आणि एरवी या नळीच्या हवेत तेल नसायचं. गुरुवारी अकरानंतरच होतं."

मी हात पुढे केला. आणि मी मूर्ख, नळी दुसऱ्या हातात सैल धरली होती.

त्यांनी ती हिसकावली आणि तिचं लोखंडी तोंड माझ्या तोंडावर हाणलं. दात तुटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी गुडघ्यावर आलो तर दुसरा घाव कानशिलावर. नळीतून हवा किंचाळत खोलीभर सुटली, भुकटी उडाली, कोणाला काही दिसेना. तिसरा घाव माझ्या डोक्यावर येत होता. तो आला नाही. चांगुणाबाईनं पाण्याचं पितळी भांडं दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या मनगटावर घातलं होतं. मग हणमंतप्पाचा दंडुका पडला. एकदा नाही, पुष्कळदा. मी थांबवलं नाही, हेही खरं सांगतो.

श्रीमंतनं कंप्रेसर बंद केला. अंकुशराव ताडपत्रीवर बसले होते, कपाळ फुटलेलं, टोपी खाली पडलेली. मी ती उलटी करून रुमालाशेजारी ठेवली. रंग तोच, ठिपके तेवढेच.

"शर्ट मी विहिरीत टाकला व्हता," ते कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले. "टोपीवर रक्त नव्हतं."

"मारलं कशाला?" फौजदारानं विचारलं.

मला ते आता ठाऊक होतं, निदान कुठं शोधायचं तेवढं ठाऊक होतं. माझ्या तोंडातून रक्त गळत होतं. मी शिपायाकडून पत्र्याचा डबा घेतला.

६

डबा मी ताडपत्रीच्या कोरड्या कोपऱ्यावर पालथा केला. निळे दाणे घरंगळले आणि शेवटी धप्पकन एक लोखंडी वस्तू पडली. अंगठ्याएवढा बोल्ट, एका बाजूला वेल्डिंगनं झाळलेला. ठाण्यात फौजदाराच्या टेबलावर तो दिवसभर होता आणि कोणी डब्यात हात घातला नव्हता.

"ही व्यंकटची दाखवायची वस्तू," मी म्हणालो. बोलताना दात नव्हते, शब्द नीट येत नव्हते. "नळकांड्यावर सुरक्षा झडप असते. दाब वाढला की ती उघडते आणि हवा सोडते. ही सारखी फुसफुसायची, हवा वाया जायची. म्हणून मालकांनी ती काढायला लावली आणि भोकात हा बोल्ट झाळला. एप्रिलमध्ये दाब वाढला, जायला वाट नव्हती. झाकण उडालं. नागनाथनं हातोडा घातलाच नव्हता. व्यंकटनं स्फोटानंतर हा कापून या जुन्या ड्रायरच्या दाण्यांत लपवला आणि भिऊन खोटी सही केली. चार महिने त्याला झोप आली नसणार."

"संध्याकाळी लग्नातून उठून आलो, तर तो इथंच डाया राखत बसला होता. मी त्याला म्हणलं, माझ्याकडं दे," अंकुशराव म्हणाले. "न्हाई म्हणला. म्हणला, आता त्या मायला तोंड दाखवायचंय. हवाच तर होती, श्रीपतराव. नुस्ती हवा."

चांगुणाबाई पुढे आली. तिनं बोल्ट उचलून तळहातावर घेतला. इकडून तिकडून बघितला, वजन केल्यासारखा हात हलवला.

"एवढंच?" तिनं मला विचारलं. "एवढ्यानं माझा नागनाथ मेला?"

मी होय म्हणालो. फौजदारानं पुरावा म्हणून तो मागितला, तर ती मूठ उघडेना. हणमंतप्पानं जबरदस्ती केली नाही. तो तिच्यासमोर टोपी काढून उभा राहिला, आणि थोड्या वेळानं तिनंच दिला.

तेलाच्या गाळण्याला अंकुशराव नाही म्हणाले होते. तो असता तर त्या संध्याकाळी नळीतून स्वच्छ हवा आली असती, टोपी पांढरी राहिली असती, आणि आज भीमराज जन्मठेपेत असता. हे मी किती वेळा मनात फिरवलं असेल. पुढं तो कारखाना दुसऱ्यांनी घेतला, आणि निवड मीच लिहून दिली. पहिली ओळ सुरक्षा झडपेची होती, आणि तिच्याखाली मी लिहिलं, हिला कोणीही हात लावू नये. मग पाण्याचा सापळा, तेलाचा गाळणा, ड्रायर, धुळीचा गाळणा. माझे पुढचे दोन दात तेव्हापासून खोटे आहेत.

त्या शनिवारी दुपारी आम्ही भीमराजला घरी आणलं. त्याला पाय टेकता येत नव्हता, मी आणि श्रीमंतनं हातांवर उचलून आणला. चांगुणाबाईनं त्याच्या बोटांना हळद लावून चिंधी बांधली. मग पिठलं करायला मिठाची बरणी उघडली. आतली दाण्यांची पुरचुंडी काढली, बराच वेळ हातात धरली, आणि दारातून लांब रस्त्यावर फेकून दिली. निळे दाणे चिखलात पडून टक् टक् फुटले.

"आये, मीठ वलं व्हईल की," भीमराज म्हणाला.

"व्हऊ दे," ती म्हणाली, आणि पिठल्यात मीठ घातलं.